बाबांची जागा गेटजवळ नव्हती

मी आयर्लंडला निघाले त्या दिवशी गाडी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, शेजारच्या सुगंधामावशी दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, आणि ज्यांना भेटून निघायचं ते माझे बाबाच घरात नव्हते. पाटोळ्यांची म्हातारी आदल्या दिवशी वारली होती. तिची कबर खणायला बाबा उजाडायच्या आत टिकाव खांद्यावर टाकून गेले होते. शिर्डीहून आणलेल्या गाडीचा ड्रायव्हर सारखा म्हणत होता, "मॅडम, घोटीला लई ट्रॅफिक लागतं." मला रडू यायच्या ऐवजी संताप येत होता. पोटची पोर परदेशी चाललीय आणि या माणसाला मेलेल्या म्हातारीचं पडलंय, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

बाबा आले ते गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले. उशीर झाला म्हणून हातही न धुता त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवले आणि अंगणातच प्रार्थना सुरू केली. माझ्यासाठी केली, विमानाच्या पायलटसाठी केली, मग ड्रायव्हरसाठी, त्याच्या बायकोपोरांसाठी आणि शेवटी गाडीच्या चाकांसाठी. घाई करणाऱ्या त्या ड्रायव्हरनं गुपचूप डोक्यावरची टोपी काढली. आमेन म्हणून झाल्यावर बाबा मला म्हणाले, "जा आता. इकडचं आमी बगतो."

हे मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितेय, 'आपली मंडळी'वर. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं गाव सोडून पिंपरी, कल्याण, दुबई, कॅनडा अशा ठिकाणी गेलेल्यांसाठीही. बाबा गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी इथं हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावलीत. 'देवमाणूस', 'मंडळीचा आधारस्तंभ', 'कधी कुणाला दुखावलं नाही'. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला राग आलाय, आणि तो अजून उतरलेला नाही. लांबलचक मेसेज वाचायचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल ग्रुप सोडावा.

आधी एक सांगते. ज्याला कधी राग येत नाही असा देवमाणूस आमच्या घरात कुणी नव्हता. दाऊद साळवे हा तापट माणूस होता. कारखान्यात बॉयलरवर काम करायचे. गळीत हंगामात पाळी करून यायचे आणि आल्या पावली शेतात जायचे. शेत ते केवढं, एक तुकडा ज्वारीचा आणि एक चाऱ्याच्या घासाचा, गोठ्यात एक म्हैस. आईला दमा होता. थंडीत तिला श्वास पुरायचा नाही तेव्हा भाकरी बाबा थापायचे, माझ्या वेण्याही बाबाच घालायचे. इतक्या करकचून की डोळे ओढल्यासारखे व्हायचे. मी ओरडले की म्हणायचे, "सैल घातली तर शाळेत जाईस्तोवर सुटंल, मंग परत कोन घालणार?" आणि रोज पहाटे अंगणात उभं राहून देवाशी बोलायचे. बोलायचे म्हणजे पुष्कळदा भांडायचे. "देवा, हे काय बरं न्हाई केलंस," अशी त्यांची प्रार्थना सुरू झाली की आम्ही भावंडं गोधडीत तोंड खुपसून हसायचो. देवावर चिडायचे, पण बोलणं कधी बंद नाही केलं. तो स्वभाव माझ्यात उतरलाय, तेव्हा हे त्यांच्याकडून आलंय असंच समजा.

आपल्या चर्चच्या मंडळीची एक रीत होती. तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. कुणी गेलं की घरटी एक पुरुष कबर खणायला जायचा. भाड्याचा माणूस लावायचा नाही. दुःखाच्या घरच्यांना टिकावाला हात लावू द्यायचा नाही. पहिला घाव घालण्याआधी बाबा प्रार्थना करायचे, मग पाळीपाळीनं सगळे उतरायचे. वर काळी माती, खाली मुरूम. उन्हाळ्यात टिकाव मारला की हात झिणझिणायचे. खड्डा पुरा झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, फक्त गुळाचा चहा. बाबांनी हे तरुणपणी सुरू केलं आणि केस पांढरे झाले तरी सोडलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मानसाला मानसानंच खाली ठिवायचं असतं. आपुन काय खत टाकतोय का?"

आई गेली तेव्हा मात्र त्यांनी रीत मोडली. घरच्या माणसानं खणायचं नाही, हा नियम त्यांनीच सगळ्यांना सांगितलेला. आणि आईच्या वेळी टिकाव कुणाला देईनात. पाळकसाहेब समजवायला गेले. बाबा म्हणाले, "साहेब, तुमी गाणी बगा, मी हे बगतो." कुंपणाच्या कडेला, लिंबाच्या झाडाजवळ त्यांनी एकट्यानं खणलं. मधूनमधून टिकाव टेकवून ठेवायचे, मोठ्यानं देवाला बोलायचे आणि पुन्हा मारायला लागायचे. आईला खाली ठेवल्यावर तिच्या डाव्या बाजूला विटा उभ्या रोवून त्यांनी एक चौकोन आखला. प्रमोद सर आपल्या पंचांचे मुख्य, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या देखत बाबा म्हणाले, "ही माजी. इतं दुसरं कुनी न्हाई." दर नाताळला आईच्या क्रुसाला चुना लावायचे आणि त्या विटांनाही लावायचे.

मग आपण सगळे गेलो. मी नगरला नर्सिंग केलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या पासपोर्टवर जुनंच नाव आहे), तिथून इकडे, कॉर्कजवळच्या एका गावात म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये. माझा धाकटा भाऊ शांतवन पुण्यात कंपनीत लागला. तुम्हीही एकेक करून गेलात. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही, गोदावरीच्या काठावर बसून पोटं भरणार नव्हती. पण तुम्ही दर सुट्टीला येऊन चर्चला काहीतरी देत राहिलात. टाइल्स दिल्या, साऊंड सिस्टीम दिली, दफनभूमीला ही भलीमोठी कमान दिली आणि तिच्यावर स्वतःची नावं कोरून घेतलीत. टिकाव उचलायला एक माणूस दिला नाहीत.

पहिला जेसीबी आला तो सोनवण्यांच्या अण्णांच्या वेळी. अण्णांच्या मुलानं दुबईहून फोनवर ठरवला. बाबांनी मला रविवारी फोनवर सांगितलं. "पाच मिन्टात झालं गं सगळं. बकीट घातली न् काडली. शेजारच्या कबरीचा दगड बी आला तिच्यासंगं. कुनाचं लक्ष न्हाई." लोक गेल्यावर तो दगड त्यांनी जागेवर नेऊन लावला. त्यानंतर जिथं घरचे हो म्हणतील तिथं बाबा हातानंच खणायचे, बरोबर कुणी असो नसो. मी विचारायचे, किती जण होता? म्हणायचे, "दोगं." मग पुढच्या वेळी म्हणाले, "मी हुतो." मी रागावले, या वयात एकटे काय जाता, काही झालं म्हणजे? तर उलट माझ्यावरच खेकसले, "मंग काय मशीन बोलवू?"

इथं आयर्लंडमध्ये एक गंमत झाली. आमच्या घरामागचा शेतकरी वारला आणि सकाळी बघते तर शेजारपाजारचे पुरुष हातात फावडी घेऊन चर्चमागं चाललेले. कबर खणायला. कुणाची बायको सँडविच नेतेय, कुणी थर्मास. मला वाटलं पैसे वाचवायला करत असतील. तसं नव्हतं, खेड्यापाड्यात ती त्यांची जुनी रीत आहे, शेजाऱ्यांनीच खणायचं. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते कितीतरी वेळ बघत बसले. "तितं बी मानसंच खांदत्यात व्हय?" म्हणाले. "माती भुसभुशीत दिसतीया. मज्जा हाय त्यांची." मग बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला. "चांगल्या ठिकानी गेलीस तू," म्हणाले. मी इकडे आले त्याबद्दल तोवर त्यांनी कधी बरंवाईट काही म्हटलेलं नव्हतं.

बाबा गेले ते घासाला पाणी देताना. बांधावरच खाली बसले आणि उठलेच नाहीत. शांतवनचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. त्या फोनवर मी त्याला एकच गोष्ट सांगितली. "आईशेजारी. विटांच्या आत. आणि हातानं." तो म्हणाला, "हो ताई." मी दोनदा वदवून घेतलं. मग विमानात बसले, आणि मी हवेत असताना तुम्ही या ग्रुपवर सगळं ठरवून टाकलंत. मुंबईत उतरून फोन चालू केला तर तुमचे मेसेज. 'जेसीबीची सोय झाली आहे.' 'पोकलेन नको, जेसीबी पुरेल.' खाली एकानं अंगठा दाखवलाय, एकानं 'गॉड ब्लेस' लिहिलंय. सोनवण्यांच्या अण्णांच्या वेळी जेसीबी आला तेव्हा बाबांना काय वाटलं ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

मी टॅक्सी घरी नेण्याआधी दफनभूमीवर थांबवली. तुमच्या कमानीतून आत गेलं की उजव्या हाताला, गेटला लागून, तयार खड्डा. कडा सरळ कापलेल्या, मातीच्या ढिगावर मशीनचे दात उमटलेले. लिंबाजवळ विटांचा चौकोन होता तसाच, चुना लावलेला.

घरी बाबा बर्फाच्या पेटीत आणि अंगणात मंडप. प्रमोद सर पुढं आले. "सलाम बेटा. दमून आलीस, आधी पाणी पी." मी म्हटलं, पाणी राहू द्या, तो खड्डा कुणासाठी आहे? सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, मशीन आत जात नाही. मधे सगळ्या कबरी आहेत. सोय बघावी लागते. आणि दाऊदनानांना आता काय फरक पडतो?"

मला वाटतं तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, मधे येणाऱ्या त्या कबरी बाबांनी खणल्यात. तुमच्या वडलांची त्यांनी खणली, तुमच्या बायकोची त्यांनी खणली. तेव्हा तुम्ही घरात रडत बसला होतात आणि तुम्हाला रडता यावं म्हणून ते उन्हात उभे होते. त्यांना फरक पडायचा म्हणून तर विटा लावल्या. आणि तुम्ही त्यांना गेटशी ठेवता? वॉचमन आहेत का ते?"

मग एकेकानं कारणं काढली. एकाच्या कमरेत गॅप होता. एकाला डॉक्टरनं उन्हात जाऊ नको सांगितलेलं. एक म्हणाला हात घातला असता पण कपडे नाही आणले. पाळकसाहेबांना संध्याकाळी दुसऱ्या गावात लग्न लावायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. शांतवन मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, लोक बघतायत. तमाशा नको." मी म्हटलं, "मला हो म्हणाला होतास." एकटा काय करणार होतो, म्हणाला. आणि खरं सांगते, त्या क्षणी तुमच्या सगळ्यांपेक्षा त्याचा मला जास्त राग आला.

गोठ्यातून बाबांचा टिकाव घेतला आणि प्रवासाच्या कपड्यांनिशी निघाले. बाईमाणसानं कबर खणायची नसते असं मागून कुणीतरी म्हणालं. मी वळून बघितलंही नाही.

विटा काढून बाजूला रचल्या. पहिला घाव घालण्याआधी प्रार्थना करायची असते. माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "देवा, हे बरं नाही केलंस." मग मारायला लागले. मी रोज जाडजूड म्हातारे उचलते, माझ्या हातात जोर आहे. तरी वरचा थर निघेपर्यंत तळव्यांना फोड आले. सुगंधामावशी घमेलं घेऊन आल्या, माती ओढायला लागल्या. या वयात त्यांना धड वाकता येत नाही. त्यांच्या मागून आणखी तीनचार बायका आल्या, पदर खोचून. पुरुष कमानीच्या सावलीत उभे होते, हातात मोबाईल. मुरूम लागला तेव्हा टिकाव हातातून निसटायला लागला. मागून कुणीतरी तो काढून घेतला. शांतवन होता. घरच्या माणसानं खणायचं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं शर्ट काढून लिंबाच्या फांदीवर टाकला आणि आत उतरला. मग लाजेकाजेनं का होईना, कमानीखालचे काही जण आले. डॉक्टरनं ऊन बंद केलेलाही आला. त्यांचे मी आभार मानणार नाही, अर्धा दिवस उशीर केलात.

आणि एवढं करून काय झालं? बाबांना आणलं, गाणं सुरू झालं, दोरांवर पेटी खाली सोडली आणि ती मधेच अडकली. खांद्याच्या जागी खड्डा अरुंद होता. इतक्या वर्षांत बाबांखेरीज कुणीच खणलं नव्हतं, दोराला आणि हाताला जागा सोडावी लागते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. पेटी खाली जाईना, सरळ वर येईना. गाणं संपलं. पाळकसाहेबांनी ते परत पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी पेटी ओढून वर घेतली, आईच्या कबरीशेजारी जमिनीवर ठेवली. शांतवन पहार घेऊन पुन्हा आत उतरला आणि कडा तासू लागला. तासता तासता तो मोठ्यानं रडायला लागला, "बाबा, थांबा जरा, झालंच, झालंच." तिसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा बाबा आईशेजारी गेले. सूर्य कलला होता. पाळकसाहेबांचं लग्न चुकलं असणार.

दुसऱ्या दिवशी गेटजवळचा खड्डा बुजवायला मी आणि शांतवन घमेली घेऊन गेलो, तर तिथं जेसीबी आलेला. बुजवायलासुद्धा. मला हसू आलं, मग इतका राग आला की मी तिथून निघून आले.

इकडे परत यायच्या दिवशी प्रमोद सर घरी आले. माझ्याच हातचा चहा घेतला, बशीत ओतून, हळूहळू. झालं ते मनात ठेवू नको म्हणाले. मग म्हणाले, "आईच्या उजव्या बाजूची जागा रिकामी आहे. पंचांत विषय घेतो, तुझ्या नावानं ठेवू." त्यांना खरंच चांगलं करायचं होतं, ते मला कळत होतं. मी विचारलं, "आणि खणणार कोण, सर?" सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तेही खरंच."

ती जागा मी घेतलीय. सरांना हो सांगितलंय. इथं माझं घर आहे, नोकरी आहे, मुलगी शाळेत इथल्या पोरांसारखी बोलते, आणि मी गाव सोडल्याचं रडगाणं गाणारी बाई नाही. पण मला तिथं ठेवायचं असेल तर तुम्हाला यावं लागेल. फोन करून चालणार नाही, पैसे पाठवून चालणार नाही, कमानीवर नाव लिहून चालणार नाही. तुमच्यातलं कुणी गेलं तर मी रजा टाकून, तिकीट काढून येईन आणि खणीन, बाईमाणूस म्हणून कुणी अडवायचं नाही. शांतवनही येईल, त्याला मी विचारलंय. बाकीच्यांनी या मेसेजखाली लिहा, येणार की नाही. हात जोडू नका, अंगठे दाखवू नका, सरळ लिहा. कुणीच येणार नसलात तर तेही आत्ताच सांगा. मी इथल्या शेजाऱ्यांना सांगून ठेवते.